आईला आठवत नाही आणि वडिलांचं मृत्युपत्र कोर्टात आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात दिवाणी वकिली करताना एक वाक्य महिन्यातून दोनदा तरी कानावर पडतं: "वकीलबाई, तेवढा सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला आणला की झालं ना?" घरातलं कुणीतरी गेलेलं असतं, मागे मृत्युपत्र असतं किंवा नुसतीच जमीन असते आणि वारसांपैकी एकाला, बहुतेक वेळा आईला, डिमेन्शिया असतो. खालची उत्तरं सातारा-सांगलीकडच्या हिंदू कुटुंबांना धरून आहेत. प्रत्येक घरचे कागद निराळे, तेव्हा तुमचे कागद डोळ्यांखालून घातलेला वकील काही वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका.

"मानसिक अक्षमतेचा दाखला" कुठल्या खिडकीवर मिळतो?

कुठल्याच नाही. लोक या नावाखाली तीन निरनिराळे कागद एकत्र गुंडाळतात. पहिला डॉक्टरांचा अभिप्राय: आजार कोणता, किती वाढलाय, पेशंटला काय कळतं आणि काय नाही. दुसरा यूडीआयडीचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र. त्यावर टक्के असतात आणि ते सवलती व योजनांसाठी असतं. तिसरा कोर्टाचा आदेश, की ही व्यक्ती स्वतःचं हित सांभाळू शकत नाही. तुम्हाला लागणार असतो तिसरा आणि तुम्ही हेलपाटे घालता पहिल्यासाठी.

पहिला कागद हा तिसऱ्यासाठीचा पुरावा, एवढंच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ मध्ये सरळ लिहिलंय की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस मनोविकल, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मन ठिकाणावर नसलेला, ठरत नाही. सक्षम न्यायालयाने तसं जाहीर करावं लागतं. म्हणून डॉक्टरांच्या लेटरहेडवरच्या दोन ओळी दाखवून बँकेत, दुय्यम निबंधकाकडे किंवा सोसायटीत आईच्या जागी सही करू द्या म्हणणं चालत नाही. कुठे चाललं असेल तर समोरच्याने लक्ष दिलं नाही इतकाच त्याचा अर्थ.

आमच्याकडे प्रोबेट काढावंच लागतं का?

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाने मारलेली मोहर. साताऱ्यातल्या हिंदू माणसाने साताऱ्यातच केलेलं, इथल्याच घराजमिनीचं मृत्युपत्र असेल तर प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधली ती सक्ती मुळात मुंबई, कोलकाता, चेन्नई या जुन्या प्रेसिडेन्सी शहरांपुरती होती आणि डिसेंबर २०२५ मध्ये कायदा बदलून तीही काढून टाकली गेली. आपल्याकडे हा विषय निघायचा तो लालबाग-परळच्या खोलीमुळे. आजोबा गिरणीत होते, खोली मागे राहिली आणि मृत्युपत्रात गावच्या रानाशेजारी तीही येऊन बसली. माथाडी कामगाराचं नवी मुंबईतलं घर मात्र त्या हद्दीत मोडत नव्हतं.

सक्ती नसतानाही लोक प्रोबेट काढतात, कारण भावाभावांत धुसफूस असते किंवा एखादी संस्था अडून बसते. माझं मत विचाराल तर, वाद नसेल आणि कुणी अडवलेलं नसेल तर निव्वळ "पक्कं काम" म्हणून प्रोबेटच्या वाटेला जाऊ नका. आईचा आजार कोर्टासमोर आणायचा तर त्याला कारण तसं हवं.

आईची अवस्था प्रोबेटमध्ये नेमकी कुठे आडवी येते?

ती त्या प्रकरणात कोण आहे यावर ते ठरतं. ती फक्त वारस असेल तर तिला नोटीस जाते आणि तिचं म्हणणं कोण मांडणार हा प्रश्न उभा राहतो. मृत्युपत्रात तिलाच एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारी व्यक्ती, नेमलं असेल तर मनोविकल व्यक्तीला प्रोबेट देता येत नाही, भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम २२३ आडवं येतं. एकटी तीच एक्झिक्युटर किंवा सगळी मिळकत एकट्या तिलाच असेल तर कलम २४६ प्रमाणे तिच्या मिळकतीची देखभाल ज्याच्याकडे सोपवली आहे त्याला, आणि तसं कुणी नसेल तर कोर्ट नेमेल त्याला, तिच्या हितासाठी प्रशासनपत्र, म्हणजे मयताची मिळकत सांभाळायचा कोर्टाचा अधिकार, मिळू शकतं. ते ती बरी होईपर्यंतचं असतं. डिमेन्शियात बरं होणं नसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, कायद्याची भाषा मात्र तशी आहे.

प्रोबेट मिळून गेल्यावर एक्झिक्युटरला आजार झाला, तर ते रद्द करून घेण्याचा मार्ग कलम २६३ मध्ये आहे.

डिमेन्शिया झाला म्हणून आईचा हिस्सा जातो का?

नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम २८: आजार, व्यंग किंवा विकृती यांमुळे कुणाचाही वारसाहक्क जात नाही. मृत्युपत्र नसेल तर विधवेला मुलामुलींइतकाच वाटा. "तिला आता काय करायचीय जमीन" हे वाक्य मी ज्या-ज्या बैठकीत ऐकलंय, तिथे ती शेजारच्या खोलीत कॉटवर बसलेली होती.

कोर्टाची नोटीस आईच्या नावाने आली आहे. मी सही करून घेऊ का?

बेलीफ घरी येतो तेव्हा त्याला खरं ते सांगा आणि तुमच्या वकिलामार्फत कोर्टात अर्ज द्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ मध्ये अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या, व्यक्तींसाठीचे नियम आहेत. त्यातला नियम १५ ते नियम दोन प्रकारच्या लोकांना लावतो: आधीच मनोविकल ठरलेले, आणि तसे ठरले नसले तरी मानसिक दुर्बलतेमुळे स्वतःचं हित सांभाळू शकत नाहीत असं चौकशीत कोर्टाला आढळलेले. डिमेन्शियाचा पेशंट बहुधा दुसऱ्या प्रकारात बसतो. तेव्हा आधीपासून कुठला हुकूम हातात असायलाच पाहिजे असं नाही. चालू प्रकरणातच चौकशी होते आणि आईसाठी त्या प्रकरणापुरता पालक नेमला जातो. प्रोबेटसाठी धावणाऱ्या बहुतेक घरांना एवढंच लागतं. कायमचा पालक, मिळकतीचा पालक ही वेगळी आणि मोठी गोष्ट, ती पुढे येईल.

तो पालक मीच होऊ शकतो ना? आईला मीच सांभाळतो.

प्रोबेटचा अर्ज तुमचा असेल तर नाही. पालक सज्ञान आणि शहाणा हवा, त्याचं हित आईच्या हिताविरुद्ध नको, तो समोरचा पक्षकार नको आणि त्याची लेखी संमती हवी. मृत्युपत्राने तुम्हाला घर मिळणार आणि आईचा वाटा कमी होणार असेल, तर तुम्ही तिला रोज भरवत असलात तरी या कामात तुमची बाजू तिच्याविरुद्ध आहे. हे ऐकून मुलं दुखावतात. दुखावण्यासारखं त्यात काही नाही, पण समजावताना मला दरवेळी चहा मागवावा लागतो.

मृत्युपत्रातून काहीच न मिळणारा भाचा, आईचा भाऊ, निवृत्त शिक्षक असलेली नणंद अशी माणसं चालतात. कुणीच नसेल तर कोर्ट एखाद्या वकिलाला नेमतं.

चौकशीत जज काय विचारतात?

माझ्या सख्ख्या आत्याची चौकशी मी पाहिली आहे. आत्या कोरेगाव तालुक्यातली, आयुष्यभर रानात राबलेली. साहेबांनी खुल्या कोर्टाऐवजी चेंबरमध्ये बसवलं. "आजी, नाव काय तुमचं?" आत्याने माहेरचं नाव सांगितलं. "मुलं किती?" बरोबर सांगितली. "मालक कुठं असतात?" आत्या म्हणाली, "दारं धरायला गेल्यात. आज आपली पाळी हाय." मामांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, जाऊन आठ महिने झाले होते आणि त्यांचंच मृत्युपत्र टेबलावर होतं. मग साहेबांनी खिशातली शंभराची नोट काढून विचारलं, किती आहेत? आत्याने "शंभर" म्हणत नोट हातातून घेतली, तिच्या चार घड्या घातल्या आणि कमरेच्या पिशवीत टाकली. नोट परत मागायला कुणीच धजलं नाही.

त्या दहा मिनिटांतली प्रश्नोत्तरं जशीच्या तशी टिपली गेली. पैसा ओळखता येतो, मुलं ओळखता येतात, पण नवरा गेला हे मनात टिकत नाही. मग त्याच्या मृत्युपत्राला हरकत घ्यायची की नाही हे ती ठरवणार कशी? क्षमता अशी कामागणिक बघतात. आजी भाजीवालीशी घासाघीस करते म्हणून तिला वाटणीपत्र कळतं असं होत नाही. उलटंही खरं आहे: वार आठवत नाही म्हणून कुणाला काय द्यायचं हे कळत नाही, असंही नाही.

डॉक्टरांच्या अभिप्रायात काय काय हवं?

इथे मी स्वतः ठेचकाळले आहे, म्हणून सविस्तर सांगते. आत्याच्या प्रकरणात पहिला कागद एका खासगी दवाखान्यातून आला. मजकूर दोन ओळींचा: पेशंटला डिमेन्शिया असून ती मानसिकदृष्ट्या अक्षम आहे. शिक्का होता, सही होती. घरचंच काम म्हणून मी तो नीट न वाचता दाखल केला. उलटतपासात समोरच्या वकिलांनी एकच विचारलं, "डॉक्टर, पेशंटला शेवटचं कधी तपासलंत?" आतेभावाने आत्याला नेलंच नव्हतं. जुनी फाईल दाखवून कागद करून आणला होता आणि त्या तारखेला ओपीडीच्या रजिस्टरमध्ये आत्याचं नावच नव्हतं. कागद गेला, तीन महिने गेले आणि समोरचे म्हणू लागले की बाईला काही झालेलंच नाही.

तेव्हापासून मी पेशंटसोबत डॉक्टरांना एक पत्र देते. कोर्टाचं काम काय आहे आणि आजींना कोणता निर्णय घ्यायचा आहे ते त्यात लिहिते. डॉक्टरांना ते माहीत नसेल तर ते मोघमच लिहिणार. अभिप्रायात तपासणीची तारीख, वेळ, जागा यावी, पेशंटचा फोटो साक्षांकित असावा, सोबत कोण आलं होतं आणि आजाराची हकिगत कुणी सांगितली ते यावं. आजी ऐकू येणारं यंत्र किंवा चष्मा वापरतात का, तपासणीवेळी तो लावला होता का, हेही. मग निदान: अल्झायमर की मेंदूच्या रक्तपुरवठ्यामुळे आलेला डिमेन्शिया, आणि कोणत्या टप्प्यात. चाचणीचं नाव, गुण आणि शेजारी शिक्षण किती तेही. स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्या.

सगळ्यात वजन पडतं ते विचारलेल्या प्रश्नांचं आणि आजींनी त्यांच्या शब्दांत दिलेल्या उत्तरांचं. "निर्णयक्षमता नाही" या दोन शब्दांपेक्षा "तुमचं घर कुणाच्या नावावर आहे या प्रश्नाला तीन वेळा तीन निरनिराळी उत्तरं दिली" हे वाक्य जड. शेवटी सुधारणेची शक्यता, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही. आणि डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की साक्षीला यावं लागेल. साक्षीला टाळाटाळ करणाऱ्या डॉक्टरांकडून कागद घेऊच नका.

कोणत्या डॉक्टरांकडे जावं?

मानसोपचारतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्ट. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. सांगलीकडच्यांना मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. सरकारी कागदच चालतो असा नियम नाही, पण वाद असेल तर सरकारी डॉक्टरवर पैशाचा आरोप कमी होतो. कोर्ट स्वतःही जिल्हा शल्यचिकित्सकांना तपासणी करून अहवाल द्यायला सांगू शकतं. गावच्या फॅमिली डॉक्टरला विसरू नका: गेल्या पाच वर्षांच्या चिठ्ठ्या त्याच्याकडे असतात आणि आजार कधी सुरू झाला हे त्यांवरूनच कळतं.

चाचणीत तीसपैकी अकरा गुण मिळाले. एवढं पुरेसं आहे?

एमएमएसई ही स्मरण-आकलनाची चाचणी ३० गुणांची असते आणि २४ च्या खाली गुण आले की शंका घेतात. पण तिच्यात शंभरातून सात वजा करत जायला सांगतात, एक वाक्य लिहायला लावतात, एकात एक अडकलेले दोन पंचकोन काढायला लावतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या पण डेअरीच्या दुधाचा हिशेब बोटांवर ठेवणाऱ्या बाईचे तिथे फुकट गुण जातात. म्हणून तर हरियाणातल्या बल्लभगडच्या ग्रामीण, निरक्षर वृद्धांसाठी तिचं वेगळं हिंदी रूप करावं लागलं. गुण ही एक खूण, निकाल नव्हे. शिवाय तपासणी सकाळी करून घ्या. संध्याकाळकडे बरेच पेशंट जास्त गोंधळतात.

हॉस्पिटलमध्ये असतानाच दाखला घेतला तर बरं पडेल?

नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर, लघवीच्या इन्फेक्शनमध्ये, सोडियम उतरल्यावर म्हातारी माणसं असंबद्ध बोलतात. ती तात्पुरती भ्रमावस्था असते, औषधपाण्याने उतरते. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, पडल्यामुळे डोक्यात साकळलेलं रक्त, खोल नैराश्य ही सगळी डिमेन्शियासारखी दिसतात आणि यातलं बरंचसं सुधारतं. आमच्याकडच्या एका शाकाहारी आजोबांचा बी-१२ तळाला गेला होता. इंजेक्शनं झाल्यावर त्यांनी स्वतःच मुलांना विचारलं, माझ्या नावाचा अर्ज कुणी केला?

मृत्युपत्राच्या साक्षीदारालाच आता काही आठवत नाही. मग?

हा प्रश्न फार येतो, कारण गावाकडे साक्षीदार घेतले जातात ते मृत्युपत्र करणाऱ्याच्याच वयाचे, पारावरचे दोस्त. मृत्युपत्र सिद्ध करायला दोनपैकी एक साक्षीदार तरी तपासावा लागतो, तो हयात आणि साक्ष द्यायला सक्षम असेल तर. हे आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ मध्ये आहे. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. एकाची स्मृती गेली असेल तर दुसऱ्याला बोलवा. साक्षीदार नाकारत असेल किंवा "आठवत नाही" म्हणत असेल तर इतर पुराव्याने सिद्ध करण्याची सोय कलम ७० मध्ये आहे. कागद लिहिणारा, दुय्यम निबंधक कार्यालयातली नोंद, हस्ताक्षर ओळखणारा माणूस, हे सगळं शोधून ठेवा. आणि नवं मृत्युपत्र करत असाल तर साक्षीला पुतण्याच्या वयाचं कुणीतरी घ्या हो!

वडिलांनी मृत्युपत्र केलं तेव्हा त्यांनाच विसरायला व्हायचं. ते बाद होतं का?

आपोआप नाही. प्रश्न सहीच्या दिवसाचा असतो. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे एरवी मन ठिकाणावर नसलेला माणूसही, मन ठिकाणावर असलेल्या काळात मृत्युपत्र करू शकतो. आपण मृत्युपत्र करतोय, आपली मिळकत काय आणि जवळची माणसं कोण, एवढं त्याला उमगलं पाहिजे. ते सिद्ध करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर. व्यंकटाचल अय्यंगार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये सांगितलंय की संशयास्पद परिस्थिती असेल तर तीही त्यानेच दूर करायची. ज्याला सगळं मिळतंय त्यानेच वडिलांना गाडीत घालून निबंधकाकडे नेलं, हे अशा परिस्थितीचं नेहमीचं उदाहरण.

आईचा अंगठा घेऊन हक्कसोड पत्र करून टाकलं तर सगळंच सोपं होईल ना?

आज सोपं. करार करताना तो समजण्याची क्षमता लागते. भारतीय करार कायद्याची कलमं ११ आणि १२ तेच सांगतात. ती नसताना केलेलं हक्कसोड पत्र टिकत नाही. नोंदणी कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे समोरची व्यक्ती मनोविकल दिसली तर दुय्यम निबंधकाने नोंदणी नाकारायची असते. तिथून कसंबसं निसटलात तरी त्या दस्तावरचा फोटो कायम राहतो: खुर्चीत कलंडलेली आई, तिचं बोट शाई लावलेल्या पॅडवर धरून ठेवणारा दुसऱ्या कुणाचा तरी हात. असा फोटो मी पुराव्यात दाखल केलेला आहे. शिवाय मुदत कायद्यात अशा व्यक्तीला सवलत असते, तेव्हा "इतकी वर्षं गेली, आता कोण विचारतंय" हेही खरं नाही.

आजार होण्याआधी तिने मला मुखत्यारपत्र दिलंय. ते चालेल?

देणारा मनोविकल झाला की मुखत्यारी संपते, करार कायद्याचं कलम २०१. आजारानंतरही चालू राहील असं मुखत्यारपत्र परदेशात असतं, पुण्यामुंबईचे नातेवाईक फोनवरून तेच सांगत असतात. आपल्याकडे नाही.

सातबाऱ्यावर वारस नोंद करायला तरी हा दाखला लागेल?

नाही. एका वारसाने सगळ्या वारसांची नावं देऊन अर्ज केला की पुरतं. आईचं नावही लागतं, तिची समज कुणी तपासत नाही. भाऊसाहेब, म्हणजे तलाठी, आताचे ग्राम महसूल अधिकारी, "आजींची सही आणा" म्हणाले तर नम्रपणे सांगा की आजी हक्क सोडत नाहीत, त्यांचं नाव लावायचंय. अडचण येते ती पुढे, नाव कमी करताना, खातेफोड करताना किंवा विकताना.

बँकेतल्या ठेवींचं काय?

वडिलांच्या ठेवीला नॉमिनी असेल तर बँक त्याला पैसे देते, पण नॉमिनी मालक होत नाही. आईचा वाटा तिचाच राहतो. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल तर उत्तराधिकार प्रमाणपत्र मागतात आणि तिथेही आईसाठी आदेश ३२ चाच रस्ता. नॉमिनी खुद्द आईच असेल तर मात्र अडतं. शाखेत एका व्यवस्थापकाचं एक आणि दुसऱ्याचं दुसरं. काय हवं ते लेखी मागून घ्या. लेखी मागितलं की निम्म्या अटी गळतात. अंगठा किंवा पायाचा अंगठा लावून पैसे काढायची सोय शरीराने असमर्थ, पण समज असलेल्यांसाठी आहे. ती इथे वापरू नका.

आईच्या नावचं घर विकून तिच्या औषधपाण्याचा खर्च करायचाय. आम्हाला कायमचा पालक कोण नेमून देईल?

कायद्यातलं हे खरं भगदाड. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाने चौकशी करून पेशंटच्या मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमायची सोय होती. २९ मे २०१८ रोजी २०१७ चा कायदा लागू झाला आणि ती गेली. नव्या कायद्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' आहे, पण तो उपचारांपुरता. पालक आणि पाल्य कायदा, १८९० अज्ञान मुलांसाठी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे लोकांना पाठवतात, पण ती नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता. डिमेन्शिया त्यात नाही, तो हेलपाटा वाचवा.

उरतात दोन वाटा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १४ खाली मर्यादित पालकत्व. ते ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं असतं आणि त्यात दिव्यांग व्यक्तीशी सल्लामसलत करून निर्णय घ्यायचा असतो. बोलणंच थांबलेल्या आईला हे कितपत लागू पडतं, यावर वाद होतो. दुसरी वाट उच्च न्यायालयाची. ज्याचं कुणी बोलणारं नाही त्याचं पालकत्व न्यायालय स्वतःकडे घेऊ शकतं आणि त्या अधिकारात उच्च न्यायालयांनी मुलाला, पत्नीला पालक नेमलेलं आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांबाबत यासाठी पद्धतच घालून दिली: वैद्यकीय मंडळाची तपासणी, महसूल अधिकाऱ्याचा अहवाल, सगळ्या वारसांची माहिती आणि नंतर हिशेब.

पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे आणि सातारा, सांगली त्याच्याकडे आहेत. सकाळची एसटी धरली की तारीख करून रात्री घरी.

भाऊ आईला मुद्दाम वेडी ठरवतोय. तिला सगळं कळतं.

मग त्याला शाबीत करू दे. माणूस शहाणा आहे असंच कोर्ट धरून चालतं. त्याने आणलेल्या मानसिक आजाराच्या पुराव्याला तुम्ही आव्हान दिलंत तर २०१७ च्या कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे न्यायालयाने तो छाननीसाठी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवायचा असतो. आईची साक्ष घ्या असंही म्हणता येतं. मोबाईलवर तिचे व्हिडिओ काढून "आई, मी कोण सांग" हा खेळ दोन्हीकडच्या मंडळींनी कृपा करून थांबवावा. त्या व्हिडिओत ती घाबरलेली दिसते, बाकी काही दिसत नाही.

तिला कोर्टात न्यावंच लागेल?

अंथरुणाला खिळलेली असेल तर तिचं म्हणणं टिपायला घरी कोर्ट कमिशनर पाठवण्याचा अर्ज करता येतो. नेता येत असेल तर सकाळची पहिली वेळ मागा, सोबत रोजचं माणूस ठेवा, चष्मा विसरू नका आणि खायला काहीतरी ओळखीचं घ्या. नव्या साडीत नटवून नेऊ नका. अंगावरचं अनोळखी झालं की ती अजून बावरते.

खर्च झेपत नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आईची बाजू मांडायला तिला तो मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं.

सगळे भाऊ-बहिणी तयार आहेत. लोकअदालतीत तडजोड करून टाकू?

करा, पण आईच्या पालकाला तिच्या वतीने तडजोड करायला कोर्टाची स्पष्ट परवानगी लागते. आदेश ३२, नियम ७. ती परवानगी रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत, दिसली पाहिजे. ही तडजोड तिच्या हिताची कशी, हे पुरसिसमध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात, दोन ओळींत लिहा: राहती खोली तिच्या हयातीपर्यंत तिची, औषधाचा खर्च कोण देणार, तिच्या वाट्याची रक्कम कुठल्या खात्यात. ज्या तडजोडीत तिच्या नावापुढे काहीच नसतं ती साहेब परत पाठवतात आणि बरोबर करतात.

प्रकरण चालू असतानाच आई गेली तर?

नेमलेल्या पालकाचा अधिकार त्याच दिवशी संपतो. त्यानंतर त्याने एकही सही करायची नाही, पैसे काढायचे नाहीत. मृत्यूचा दाखला जोडून कोर्टाला कळवायचं आणि आईचे वारस रेकॉर्डवर आणायचे. तिचा वाटा आता तिच्या वारसांत जातो आणि ते बऱ्याचदा तेच असतात, जे इतके दिवस समोरासमोर बसले होते. पालकाकडे पासबुक, औषधांची बिलं, भाड्याच्या पावत्या असतील तर त्या तारीखवार लावून कोर्टात हिशेब द्यावा. आत्याच्या वेळी पालक असलेल्या तरुण वकिलाने तो दिला, तेव्हा जमेच्या बाजूला सगळ्यात वर एक नोंद होती: कमरेच्या पिशवीत मिळालेली नोट, रुपये १००.